दवंडीच्या कागदात नसलेली ओळ

खारबंदरच्या पालिकेत बाबली शिपाई होता आणि गावाची दवंडीही तोच पिटायचा. आवाज असा खणखणीत की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतला माणूस मान वळवी. पण स्वभाव? भलताच लाजरा! बायकांचा घोळका दिसला की गळ्यात ढोल असूनही हा बाजूच्या आळीतून सटकायचा. नेमका अशा माणसाच्या हातात अठ्ठावन्न साली साहेबांनी तो कागद दिला.

"सार्वजनिक स्थळी मलमूत्रविसर्जन करण्यास सक्त मनाई. उल्लंघन करणारास दंड होईल."

साहेब घाटावरचे, त्यांची भाषा पुस्तकी. बाबलीने तिठ्यावर उभं राहून कागद जसाच्या तसा वाचला. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"विसर्जन? अरे, गणपती तर अजून येवक नाय!" चहाच्या दुकानातून कोणीतरी म्हणालं.

आता आली का पंचाईत! खरा शब्द चारचौघांत उच्चारायचा कसा? बाबलीने घाम पुसला, ढोलावर टिपरी मारली आणि सभ्य माणसाचा शब्द वापरला. "उद्यापासून कोणी भायर जावचा नाय! गेलो तर दंड!"

आमच्याकडे 'भायर जाणं' म्हणजे काय, ते शेंबडं पोरही सांगेल. पण घराबाहेर पडण्यालाही तेच शब्द लागतात, हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजार ओस. राधाबाईने माशांची टोपली भरलीच नाही. शाळेत मास्तर एकटेच घंटा वाजवून बसले. पटकीबिटकी आली असणार, म्हणून लोक दारं लावून घरात.

हसावं की डोकं आपटावं, साहेबांना कळेना. "उद्या पुन्हा दवंडी द्यायची. आणि स्पष्ट शब्दांत. समजलं?"

"होय साहेब," बाबली म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तो अजून हंगामीच होता. कायम झाल्याचा कागद पुढच्या महिन्यात निघायचा होता.

घरी आला तर बायको सुभद्रा चटईवर पडलेली. अंगात कणकण, लघवीला आग. हे तिसऱ्यांदा. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं की पाणी भरपूर प्या. बाई मान डोलवायची आणि दिवस उजाडला की घोटभरही प्यायची नाही.

"पाणी पी गो," बाबली वैतागून म्हणाला. "डाक्टर काय बोललो, आयकूक नाय?"

"पिवन जाव खंय?" ती ताडकन उठून बसली. "उजाडाच्या आदी केवड्याच्या बनात जातंव आणि मगे दिसभर कळ काढतंव. आता थंयसर तुमच्या पालिकेचो माणूस शिटी घेवन उभो! बाजारात दोन संडास बांदल्यांनी, ते पुरुषांचे. बायलांनी जावचा खंय, तां आसा तुमच्या कागदात?"

बाबलीने खिशातून कागद काढून खरोखरच पाहिला. बायकांनी कुठे जायचं, ते त्यात नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न झाल्यापासून बारा वर्षं ही बाई तहान मारत होती, आणि आपण तिलाच दटावत होतो!

दुसऱ्या सकाळी तो पालिकेच्या दारासमोरच उभा राहिला. बाजार भरलेला. ढोल वाजला.

"आयका हो आयका! आजपासून उघड्यार कोणी हगूचा नाय, मुतूचा नाय! नायतर दंड!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. चहाच्या दुकानात नुसता हशा. बाबलीचे कान लालबुंद. काम झालं होतं, तिथेच थांबला असता तर नोकरी शाबूत होती. पण गड्याने पुन्हा टिपरी उचलली.

"आणि बायलांनी जावचा खंय, तां पालिकेन सांगूक नाय! तां आदी सांगा, मगे दंड घेवा!"

हशा बंद. राधाबाईने कोयता खाली ठेवला. "खरा बोललस रे बाबली!" म्हणाली आणि टोपली उचलून थेट पालिकेच्या पायऱ्या चढली. तिच्यामागून आणखी दहा-बारा जणी.

साहेबांनी बाबलीला समोर उभं केलं. "शेवटची ओळ कुणी घातली?"

"मियां घातली ती, साहेब." कचेरीत तो कधी मालवणी बोलला नव्हता. आज तोंडातून तीच आली.

"कायम व्हायचंय ना तुला?"

"होय. पण माजी बायल पाणी पिणा नाय, साहेब." एवढं बोलताना त्याचा तो खणखणीत आवाज पार चिरकला.

साहेब काही बोलणार, तोच राधाबाईने माशांची टोपली त्यांच्या टेबलावर आदळली. "तुमची बायल खंय जाता, साहेब?"

साहेबांच्या बंगल्याच्या परसात संडास होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक. साहेबांनी टोपलीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि बाबलीवर शेरा लिहायला काढलेल्या पेनाचं टोपण लावून ठेवलं. त्याच संध्याकाळी शिटीवाला माणूस केवड्याजवळून हलला.

पुढे चार महिने लागले. बंदराच्या वाटेवर बायकांसाठी पाच संडास उभे राहिले. खड्ड्याचे, म्हणजे कुणाला कुणाची घाण डोक्यावरून वाहायला नको. आणि दाराला आतून कडी. बाबलीचा कायम व्हायचा कागद मात्र वर्षभर लांबला. कारण कोणी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

संडास उघडल्याची दवंडी देऊन तो भर दुपारी घरी आला. सुभद्रा पायरीवर बसली होती. तिने तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. बाबली ढोल गळ्यात तसाच ठेवून बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"बगत काय रवल्यात?" पदराने तोंड पुसत ती म्हणाली. "आणखी एक भरून हाडा."

बाबलीने तांब्या घेतला आणि ढोलासकट विहिरीकडे निघाला.