फारोच्या उंबऱ्यावरचं लिंबू

खंडेरावांनी चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. हरसूलच्या काळ्या पाषाणापासून देवळाली कॅम्पच्या मुरमापर्यंत. गुडघे गेले तेव्हा हत्यारं माळ्यावर टाकली आणि नाशिकात मुलाच्या घरी बसून चहा प्यायला लागले. नुसतं बसणं, हे एवढं एक काम त्यांना जमलं नाही.

यंदा गल्लीतल्या गणेश मंडळानं देखावा ठरवला, इजिप्तच्या फारो राजाची कबर. मंडळाचा अध्यक्ष लखन मोबाइल नाचवत आला.

"काका, हे बघा. तिकडचे मजूर खालची वाळू वाहू देऊन मोठाले दगड खाली उतरवायचे म्हणे."

"मग आम्ही काय फुंकर मारून उतरवत होतो?" खंडेराव म्हणाले. पण चहा तसाच ठेवून उठले.

तीन आठवडे ते राबले. बांबू-गोणपाटाचा बोगदा, त्याच्या शेवटी तीन क्विंटलची फरशी उभी, तिच्या खाली खोल चरात वाळूनं भरलेल्या दोन गोण्या. गोण्यांची तोंडं सोडली की वाळू बाजूच्या खड्ड्यात जायची आणि फरशी आवाज न करता जमिनीत उतरायची. मागे गणपती. मग चेनपुलीनं फरशी वर ओढायची, गोण्या पुन्हा भरायच्या. लखननं थर्माकोलची फरशी सुचवली होती. खंडेराव दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

लखननं मात्र दारावर स्वतःच्या डोक्यानं पाटी लावली : 'राजाची झोप मोडणाऱ्याला मरण गाठेल.' गर्दी खेचायला.

देखाव्यात ममी व्हायचा होता तो काळू पहिल्याच दिवशी तापानं पडला. डेंगी. रिपोर्टवर स्वच्छ लिहिलं होतं. पण रिपोर्ट वाचतो कोण? लखनची आई मंगलाबाई हिनं काळूवरून लिंबू उतरवलं, कापलं, कुंकू भरलं आणि शाप घरचा घरी परत जावा म्हणून कबरीच्या उंबऱ्यावर ठेवून दिलं.

तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या राजाला गल्लीत कुणी भीत नव्हतं. पण कापलेलं लिंबू ओलांडायचं कुणी? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक माणूस आत गेला नाही. लोक रस्त्यावरूनच हात जोडायचे आणि पुढच्या मंडळाकडे सटकायचे.

"काका, सकाळी बोगदा काढून टाकतो," लखन म्हणाला. "बाप्पाला पुढं आणू."

"फरशी उतरताना कुणी पाहिली नाय अजून."

"आत यायला तर पाहिजे ना कुणी!"

खंडेराव उठून उंबऱ्यापाशी गेले. मंगलाबाई आडवी आली. "भाऊजी, हात लावू नका. राजाचा शाप आहे."

"कुणाला? राजानं वीस वर्षं मजुरांकडून कबर खोदून घेतली. आत सोनं भरलं. बाहेरची वाट फक्त त्या मजुरांना माहीत. मग शाप कुणासाठी लिहिला असंल? आपल्यासारख्या खोदणाऱ्यांसाठीच की!"

"मग?"

"मग काय? त्यांनी मागून भोक पाडलं आणि नेलं सगळं. शाप वाचायला येत होतं कुणाला?"

रस्त्यावरचे चार जण हसले. तेवढ्यात खंडेरावांनी लिंबू उचललं, नळाखाली कुंकू धुतलं, लोटाभर पाण्यात पिळलं.

"मंगलाबाई, साखर हाय का?"

तिनं कपाळाला हात लावला. खंडेराव बिनसाखरेचंच सरबत घटाघटा प्यायले आणि मिशी पुसत बोगद्यात शिरून फरशीपाशी स्टुलावर बसले.

पाच मिनिटांत रांग लागली. फारोसाठी नव्हे, म्हातारा कधी आडवा पडतो ते बघायला.

"बाबा, गरगरतंय का?" एका बाईनं काळजीनं विचारलं.

"माझ्याकडं नका बघू. समोर बघा." खंडेरावांनी गोण्यांची तोंडं सोडली.

वाळू सळसळली. फरशी खाली निघाली, एवढी हळू की आधी कुणाला कळलंच नाही. मग मागे गणपतीचा मुकुट दिसला, डोळे, सोंड, मोदक. बाईनं तोंडावर हात ठेवला. कुणी मोबाइलसुद्धा काढला नाही. फरशी टेकली आणि बोगदा टाळ्यांनी दणाणला.

"काका, आता बोगदा विसर्जनापर्यंत ठेवायचा!" लखन गर्दीतून ओरडला.

खंडेराव गुडघ्यावर हात देऊन वाकले होते. फरशीच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"डावा कोपरा बोटभर आधी टेकला," ते म्हणाले. "त्या गोणीतली वाळू चाळलेली नाय. बाहेरच्यांना थांबव. आणि चाळणी आण."