कापडाला कात्री लावल्यावर

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. १९५६ साली मी बंगळूरच्या चामराजपेटेत तानूअक्कांच्या शिलाईच्या दुकानात हुक-बटणं लावायला होतो. तेव्हा माझी तिशी उलटली होती. आमच्यातलीच सुमित्रा नावाची विधवा पुन्हा लग्न करत होती आणि तिचा हिरवा ब्लाउज अक्कांनी शिवायला घेतला होता. हे कळताच आमच्या तिथल्या मराठी समाजाचे तीन पंच दुकानात आले.

“हे शास्त्रात बसत नाही,” त्यांतले आप्पाजी म्हणाले.

“उद्या आपल्या पोरींना स्थळं येणार नाहीत,” दुसरे म्हणाले.

तिसरे गोड बोलले, “अक्का, तुम्ही भल्या बाई. तुम्हाला हे शोभतं का? शिवलात तर समाजाचं एक कापड इथं येणार नाही.”

अक्कांनी हातातली कात्री खाली ठेवली नाही. “आप्पाजी, कापडाला कात्री लावली की काम पुरं करायचं, हे मला तुमच्याच वडलांनी शिकवलं. ते शास्त्र विसरलात? पोरींची काळजी करता, मग सुमित्रा कोणाची पोर? आणि भली बाई अर्धा ब्लाउज टाकून देते होय? सरी, ठीक आहे, निघा आता!”

पुढं एकदा कॉलेजातल्या व्याख्यानाला मागच्या बाकावर बसलो होतो. कृत्य चांगलं की वाईट हे ठरवताना कोणी नियम पाहतात, कोणी परिणाम, कोणी माणसाचा स्वभाव, असं प्राध्यापक सांगत होते. मला ते नवं वाटलं नाही; ते तिन्ही मी पंचांच्या आणि अक्कांच्या तोंडून दुकानातच ऐकलं होतं.

समाजाची कापडं खरंच बंद झाली. अक्का शेजारच्या कन्नड बायकांचं शिवत राहिल्या.  पंच आले त्या दिवशी मी त्यांच्या देखत त्या हिरव्या ब्लाउजाला हुक लावत राहिलो.