सात वाजता लावलेली घागर

अहमदपूरच्या स्टँडवर त्या रविवारी आम्हाला सोडायला अख्खी गल्ली आली होती, आणि त्याला कारण माझं तोंड. आदल्या दिवशी टँकरची वेळ सांगत मी गावभर रिक्षा फिरवली आणि भोंग्यावरून पदरची एक खबर जोडून दिली: "ऐका हो ऐका, आमच्या प्रज्ञाला नांदेडच्या खास शाळेत जागा मिळाली आहे."

कांतामावशी, तू दशम्या बांधून आणल्यास. बाबा पांढरा सदरा घालून आले, जणू मी परदेशी निघालोय. बसच्या खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "लातूर जिल्हा झाला तवा मी ओट्यावर बसल्या बसल्या उस्मानाबादातून लातुरात आलो. एक भांडं हलवलं न्हाई. तू दुसऱ्या जिल्ह्यात जायला एवढं गाठोडं घेऊन राहिलास?" सगळे हसले. मग ते बसच्या पाटीकडे बघत राहिले. ती पाटी त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, हे मला माहीत होतं.

मंडळी, आज इतक्या वर्षांनी कबूल करतो. जागा मिळाली नव्हती. शाळेच्या बाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या की आठ मुलांच्या वर्गात एक जागा रिकामी आहे, सोमवारी दहाला या, आधी येईल त्याच्या मुलाला आधी बघू. मी त्यावर खोलीसुद्धा भाड्याने घेऊन टाकली.

तुमच्यापैकी जे तेव्हाच पुण्याला नाही तर हैदराबादला गेले होते, त्यांनी प्रज्ञाला नीट पाहिलेलं नसेल. ती आठ वर्षांची होती. बोलत नसे, हाक मारली तर वळून बघत नसे. लातूरच्या डॉक्टरांनी तिला स्वमग्नता आहे असं सांगितलं, आणि गावच्या गुरुजींनी तिला घरीच ठेवा असं सांगितलं. शाळेची घंटा वाजली की ती कान दाबून पळत सुटायची. आणि तिचा बाप कोण, तर गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, कुणी वारलं, सगळं गावाला मी सांगायचो. घरात पाऊल टाकलं की मात्र ती माझ्या तोंडावर हात ठेवायची.

त्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आलं, आपल्याकडे टँकर. टँकर दुपारी येणार असला तरी घागरी सकाळीच लागायच्या. माणसं घरी जाऊन भाकरी करायची, घागर आपला नंबर धरून बसायची. ती रांग प्रज्ञाची होती. दिवसभर ती रांगेच्या कडेने फिरायची, वाकडी घागर सरळ करायची. कांतामावशी, तू तुझी कळशी हळूच चार नंबर पुढे सरकवायचीस आणि ही पोर ती उचलून जागच्या जागी आणून ठेवायची. "लई इमानी कलेक्टर हाय गं बाई," असं तूच म्हणायचीस. गल्लीत तिला तेवढं एक काम होतं, आणि ते तिच्याइतकं नीट कुणी करत नव्हतं. पण रांग म्हणजे शाळा नव्हे.

माझ्या बायकोची, सुजाताची, अंगणवाडी आणि बाबांचे गुडघे, दोन्ही हलवण्यासारखे नव्हते. त्यामुळे बसमध्ये आम्ही दोघंच, वळकटी, आणि प्रज्ञाची पिवळी घागर. तिच्यावर लाल रंगात तिचं नाव मीच घातलं होतं. घागरीशिवाय ती घराबाहेर पडायची नाही. लोहा जाईपर्यंत मी तिला तीन गोष्टी सांगितल्या, हळू आवाजात, हातवारे करून. ती खिडकीच्या काचेवरचा ओरखडा बघत होती. पुढच्या सीटवरचा म्हातारा मात्र वळून वळून ऐकत होता. गाव सोडल्यावर माझी गोष्ट ऐकणारा तो पहिला आणि बरेच दिवस शेवटचा.

सोमवारी मी अक्कल लढवली. सकाळी सातला प्रज्ञाला घेऊन शाळेच्या फाटकाशी गेलो. चिटपाखरू नव्हतं. पायरीवर घागर ठेवली, नाव पुढे केलं, आणि पोरीला खाऊ घालायला खोलीवर घेऊन आलो. पहिला नंबर. दशमी खाताना मी मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटले.

पावणेदहाला परत आलो तर पायरी रिकामी. आत व्हरांड्यात मुखेडहून आलेली एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. ती साडेआठला आली, वॉचमनने तिचं नाव वहीत लिहून घेतलं. आणि घागर? वॉचमनला वाटलं कुणीतरी शाळेला दान दिली. त्याने ती घासली, भरली आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याला ठेवली.

मी शाळेच्या बाईंपुढे उभा राहून अख्खा खेळ केला. सातची वेळ, पायरी, लाल अक्षरं, सगळं हातवाऱ्यांसकट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे घागर आधी आली."

"हाव, मॅडम."

"मग घागरीला प्रवेश देऊ का?"

मुखेडची बाई पदराआड हसली. मग तिनेच विचारलं, "भाऊ, तुमच्याकडं बी घागरीच लावतेत का?" मी मान हलवली. तिला सगळं समजलं होतं, पण तिच्या मांडीवरही पोरगं होतं. जागा तिला गेली. न्यायाने गेली.

मी प्रज्ञाचा हात धरायला वळलो तर ती कोपऱ्यात. तिने घागर ओतून रिकामी केली, पायरीवर नेली, नाव पुढे केलं आणि शेजारी बसली. मी उठवायला गेलो, उठेना. मधल्या सुट्टीत मुलं पेले घेऊन पाणी शोधत आली. तिने एकेकाच्या हातातला पेला घेतला आणि घागरीमागे ओळीने लावला. एकाने आपला पुढे सरकवला. तिने मागे नेऊन ठेवला. त्याने पुन्हा सरकवला, तिने पुन्हा नेला. आणि मग तो हसला. माझ्या मुलीशी दुसरं मूल खेळताना मी पहिल्यांदा बघत होतो, आणि ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आत जागा नाही. नियमाने मी काही करू शकत नाही. पण पायरीवर बसायला नियम नाही. उद्या आणा तिला."

म्हणून, मंडळी, तुम्ही गल्लीत प्रज्ञा शाळेत जाते असं सांगत होतात तेव्हा ती पायरीवर बसत होती. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कागदांना पिना मारायचं काम धरलं, कारण तिथून ती दिसायची. नांदेडात मला कुणी ओळखत नव्हतं. भोंग्या म्हणून हाक मारून कुणी शिवीसुद्धा देत नव्हतं. दुकानात यंत्राचा आवाज, खोलीत पंख्याचा. कधी कधी अख्ख्या दिवसात माझ्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "दोन्ही बाजूंनी काढायचं का?" संध्याकाळी आम्ही गोदावरीवर जायचो. त्या साली तिचंही पात्र उघडंच होतं. प्रज्ञा गोटे ओळीने लावायची आणि मी पलीकडच्या काठाकडे बघत बसायचो. गावी फोन करायची हिंमत व्हायची नाही, कारण केला की शाळा कशी आहे हे सांगावं लागायचं. एकदा सुजाताचाच आला. "अहो, पोर बाहेर बसते तिथे ऊन येतं का?" मी फोन घेऊन दुकानाबाहेर आलो. "मला पहिल्या दिवशीच कळलं. जागा मिळाली असती तर तुम्ही तासभर बोलला असता."

बाईंनी मात्र एक गंमत केली. आठवड्यातून एकदा त्या यायच्या, घागर उचलायच्या आणि हातभर आत ठेवायच्या. प्रज्ञा बघायची, विचार करायची, आणि उठून तिच्याशेजारी जाऊन बसायची. पायरीवरून व्हरांडा. व्हरांड्यातून खांब. खांबापासून वर्गाच्या दाराची चौकट. उन्हाळ्यात एवढ्या रांगा पाहिल्या, पण एका घागरीची रांग पुढे सरकताना पाहायला मी पिना मारायचं थांबवायचो. मुखेडची बाई फाटकाशी भेटली की बोटांनी दाखवायची, या खेपेला किती सरकली. वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांची बदली झाली त्या दिवशी घागर फळ्याखाली होती आणि प्रज्ञा आठव्या खुर्चीवर. बाईंनी नाव वहीत घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सात वाजता आली होती ना?"

त्यानंतर आम्ही गावी आलो ते तुम्हाला आठवत असेल. पाऊस चांगला झाला होता, नळाला पाणी होतं. प्रज्ञा गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेली. रांग नव्हती. परत येऊन तिने माझं बोट धरलं आणि स्टँडच्या दिशेने ओढलं. बाबा ओट्यावरून बघत होते. "तिचा जिल्हा बदलला रं," एवढंच म्हणाले.

तिचा बदलला. माझं अजून निम्मं सामान तिकडेच आहे. स्वप्नात मी अजून आपल्या चौकात भोंगा धरून असतो आणि तुम्ही सगळे दारात येता. पण सकाळी जाग येते ती या एका खोलीत, आणि इथेही एक दवंडी असते. प्रज्ञा दप्तर घेऊन उंबऱ्याशी उभी राहते. मी खाली वाकतो आणि तिच्या कानाशी, श्वासाइतक्या आवाजात म्हणतो, "ऐका हो ऐका, प्रज्ञा शाळेला निघाली." पूर्वी ती माझ्या तोंडावर हात ठेवायची. ऐकणारं माणूस आता एकच उरलं आहे. पण ही दवंडी ऐकल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही.