अन्य कलाकार

कवळ्या करणाऱ्या त्या बाईला सगळे ‘टेप’ म्हणायचे. लॅबमधले म्हणायचे, सासूबाई म्हणायच्या, नवराही म्हणायचा, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. तिची लॅब दातांच्या दवाखान्याच्या वर, एका लांबट खोलीत. समोर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, हातात मेणाची हिरडी, आणि त्या हिरडीत एकेक दात बसवताना तोंडात गाणं. गाणं एकाच बाईंचं. हिंदी सिनेमातल्या त्या पार्श्वगायिकेला अंगाई जितकी यायची तितकंच क्लबातलं गाणं यायचं, विरह यायचा तसा चावटपणाही. टेप त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायची, जणू पलीकडच्या घरात राहतात.

हे वेड दहाव्या वर्षी लागलं. जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं आणि चार महिने ती अंथरुणाला खिळली. थोरल्या भावानं कुठूनतरी बारा कॅसेटींचा संच आणून दिला. प्रत्येकीवर बाईंचा हसरा फोटो. चार महिन्यांत पोरीनं बाराच्या बारा कॅसेटी घोटून काढल्या. नुसते शब्द नव्हेत. कुठे सूर अलगद सोडायचा, कुठे अक्षर जरा रेंगाळायचं, सगळं. पुढे कॅसेटी कुरकुरायला लागल्या तेव्हा नवऱ्यानं त्या पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या, आणि लॅबमधली पॉलिशची मोटर घरघरत असली तरी तिच्या कानात तेच चालू.

तीच गाणी रेडिओवर, बसमध्ये, दुकानात कानावर पडायची. तेव्हा टेप नाक मुरडायची. “ही कुणीतरी दुसरीच आहे,” ती नवऱ्याला ठासून सांगायची. “नक्कल बरी करते, पण बाईंची सर नाही.”

नवऱ्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो मान डोलवायचा.

टेप शेहेचाळीस वर्षांची झाली त्या साली गावातल्या हौशी वाद्यवृंदानं बाईंच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवला. वृंदाचे मास्तर पेशानं गणिताचे शिक्षक. चाचणीत टेपनं दोन ओळी म्हटल्या आणि मास्तरांनी यादीत तिच्या नावापुढे तीन गाणी लिहिली. टेप घरी गेली ती जमिनीवरून दोन बोटं उंच चालतच.

पहिल्याच तालमीला ते घडलं. ड्रायव्हिंग स्कूलची खोली होती. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते, बाकं मागे सरकवलेली. टेप विरहाचं गाणं म्हणत होती. दुसऱ्या कडव्यात एक लांबलचक ओळ आहे. तिच्या मध्यावर टेपनं सूर तोडला, बारीकसा श्वास घेतला आणि जरा खालून, थरथरत, पुन्हा वर आली. तिची सगळ्यात लाडकी जागा. या जागेला आजवर तिचे डोळे न चुकता भरून आले होते.

मास्तरांनी हात वर केला. “ताई, मध्येच दम घेऊ नका. ओळ अख्खी आहे.”

“अहो, तसंच आहे ते.”

“तसंच कुठं? ऐकवतो थांबा.” त्यांनी मोबाइलवर मूळ गाणं लावलं.

ओळ आली. सरळ, एका दमात, पाण्यावरून होडी जावी तशी निघून गेली. श्वास नव्हता. पण टेप दचकली ती त्यामुळे नाही. तो आवाजच वेगळा होता. तोच, रेडिओवरचा, ज्याला ती आयुष्यभर नक्कल म्हणत आली होती.

“हे बाईंचं नाहीये. माझ्याकडे कॅसेट आहे त्यांची,” ती म्हणाली.

खोलीत हशा पिकला. तबलजी म्हणाला, “ताई, मग कुणाचं? माझ्या काकूचं?”

टेप हसली नाही. आपली सगळ्यांनी मिळून फिरकी घेतली आहे असं तिला वाटलं. मास्तरांनी दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. तिन्ही वेळा तीच. टेप मटकन बाकावर बसली. छत्तीस वर्षं रोज जिच्याशी बोलले ती बाई कोण होती मग?

हसला नव्हता तो आणखी एकच माणूस. वृंदातले सगळ्यात वयस्कर, ॲकॉर्डियन वाजवणारे काका. त्यांचा हात भात्यावर तसाच राहिला होता. तालीम संपल्यावर ते तिच्याजवळ आले. “ती कॅसेट उद्या घेऊन ये. वेष्टनासकट.”

दुसऱ्या दिवशी दुपारी काका स्वतःच लॅबमध्ये आले. टेपनं दात तपासायचं भिंग कॅसेटच्या कागदावर धरलं. वर बाईंचा फोटो, खाली गाण्यांची यादी, आणि अगदी तळाशी, घडीत, तिळाएवढ्या अक्षरांत: ‘आवाज : अन्य कलाकार’.

तिनं ते चारदा वाचलं. इतकी वर्षं या कागदाला ती फक्त धूळ पुसायला हात लावत आली होती.

“यात ॲकॉर्डियन माझं आहे,” काका म्हणाले. “त्या काळी अशा कॅसेटी खूप निघायच्या. गाणी तीच, गाणारं दुसरं. चार आठवड्यांत बारा कॅसेटी उरकल्या आम्ही. गाणारी मुलगी सात महिन्यांची पोटुशी होती. उभं राहवेना म्हणून स्टुलावर बसून गायची. त्या ओळीला तिचा दम तुटला. परत घेऊ म्हणाली, तर कॅसेट कंपनीचा मालक म्हणाला चालतंय, पुढचं घ्या. काल तू तिथं थांबलीस ना, माझ्या अंगावर काटा आला. ती चूक माझ्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नाही असं मला वाटायचं. आणि तू ती जपून ठेवलीस, पोरी!”

“त्या आहेत अजून?”

“आहे. फोन नंबर आहे माझ्याकडे.”

रविवारी सकाळी दोघं तिच्या घरी गेली. दार उघडलं ते पस्तिशी ओलांडलेल्या मुलीनं, हातात ओला नॅपकिन. काकांनी ओळख सांगितली. “तुझ्या आईबरोबर काम केलंय मी.”

“झेरॉक्सच्या दुकानात?” मुलीनं विचारलं.

आतून साठी ओलांडलेल्या, अंगानं भरलेल्या बाई आल्या, काकांना पाहून जागीच थबकल्या, आणि मुलीला म्हणाल्या, “तू चहाचं बघ.”

मुलगी हलली नाही.

वाटेत टेपनं मनात बरंच जुळवलं होतं. मावशी म्हणायचं, पाया पडायचं, कॅसेट दाखवायची. यातलं काहीच न करता तिनं ती ओळ म्हटली. मध्यावर सूर तोडला, श्वास घेतला, खालून पुन्हा वर आली.

मावशींचा हात पोटावर गेला. चेहरा पांढराफटक पडला.

“आई! काय होतंय तुला?”

मावशींनी मुलीकडे पाहिलं, मग टेपकडे, मग पुन्हा मुलीकडे. “ही तुझी लाथ आहे,” त्या म्हणाल्या. “मी गात होते आणि तू लाथ मारलीस. म्हणून तिथं थांबले.”

“तू गात होतीस?” मुलीनं नॅपकिन घट्ट धरला. “कधी? मला कधी एक ओळ ऐकवली नाहीस. शाळेत माझ्या गाण्याला बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा नुसती मान हलवलीस.”

मावशी खुर्चीत बसल्या. मग सांगितलं. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात त्या एका दुकानात उभ्या होत्या आणि त्यांचीच कॅसेट लागली. शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, वा, काय गळा आहे बाईंचा! “मला चोरी पकडल्यासारखं झालं गं. फोटो त्यांचा, आवाज माझा. कुणाला काय सांगणार होते मी? घरी आले आणि तोंड मिटलं, ते मिटलंच.”

“पण तुम्ही किती सुंदर गायलात,” टेप म्हणाली. “मी बाईंना नव्हे, तुम्हालाच...”

“नाही,” मावशी एकदम करड्या आवाजात म्हणाल्या. “तसं बोलू नकोस. त्या चार आठवड्यांत मला कळलं त्या बाई काय आहेत. अंगाईला त्यांचा आवाज आईचा असतो. पुढच्याच गाण्यात सोळा वर्षांची पोर. त्याच्या पुढच्यात दारू न पिता झिंगलेली बाई. खट्याळ गाण्यात त्या हसतात, ते हसूसुद्धा सुरात असतं. मी हसले तर नुसती हसले. सगळ्याच गाण्यांत मी आपली मीच. तू त्यांचं नीट ऐक. मग गा.”

टेप ऐकू लागली. लॅबमध्ये हिरड्या घासताना, दात जुळवताना, पंधरा दिवस फक्त मूळ गाणी. पहिले दोन दिवस तिला ती परक्या माणसासारखी वाटली. तिसऱ्या दिवशी तिनं अंगाई आणि क्लबचं गाणं एकापाठोपाठ लावलं आणि हातातली कवळी टेबलावर ठेवून दिली. हा एक गळा आहे? यादीवर नाव पुन्हा पाहिलं. एकच. तिच्या कॅसेटींमधली बाई गाण्यागणिक कपडे बदलत होती. ही तर गाण्यागणिक जन्मच बदलत होती. आणि हिला आपण नक्कल म्हणालो! टेपला स्वतःचीच इतकी लाज वाटली की सहकाऱ्यानं चहा पुढे केला तरी तिला तो दिसला नाही.

मास्तरांना ही हकिगत मंचावरून सांगायची फार इच्छा होती. मावशींनी फोनवर एका वाक्यात मोडता घातला. “माझा उल्लेख केलात तर मी उठून जाईन. तो कार्यक्रम त्यांचा आहे.” मास्तर मुकाट्यानं तयार झाले.

कार्यक्रमाला मावशी आणि मुलगी चौथ्या रांगेत बसल्या. टेपनं अंगाई म्हटली, खट्याळ गाणं जमेल तेवढं म्हटलं, आणि शेवटी विरहाचं. ती ओळ तिनं एका दमात म्हणायचं ठरवलं होतं. अर्ध्यावर छाती भरून आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, शेवटचं अक्षर कसंबसं हाती लागलं. टाळ्या पडल्या. टेपला त्या ऐकू आल्या नाहीत. बाईंनी हे इतकं सहज कसं म्हटलं असेल, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

पडदा पडल्यावर मावशी विंगेत आल्या. टेपच्या पाठीवरून हात फिरवला. मग काकांना विचारलं, “दादा, तालमी कधी असतात तुमच्या?”

“गुरुवारी संध्याकाळी,” काका म्हणाले.

मावशी यायला लागल्या. पहिले तीन गुरुवार त्या कोपऱ्यातल्या बाकावर नुसत्या बसल्या. चौथ्या गुरुवारी कोरसमध्ये त्यांचे ओठ हलताना टेपनं पाहिले, आणि पाचव्या गुरुवारी आवाज आला. जाडा झालेला, वरच्या सुरांना चिरकणारा, पण टेपनं तो दहा हजारांत ओळखला असता. ती शब्द विसरली. मास्तर ओरडले, तरी ती तशीच उभी.

पाणी प्यायला म्हणून ती बाहेर आली, तर मुलगी जिन्याच्या पायरीवर बसलेली. आईला स्कूटरवरून सोडून ती दर वेळी निघून जायची. आज गेली नव्हती.

“आत ये ना,” टेप म्हणाली.

“नको,” मुलगी म्हणाली. तिची नजर बंद दारावर खिळली होती. “तिथं गाणारी बाई माझी आई आहे, हे मला अजून खरं वाटत नाहीये.”