रेसिंग टीमसाठी कांदेपोहे

पुण्याहून येणारा प्रत्येक इंजिनियर आमच्या घरात पाऊल टाकता टाकता एकच विनोद करायचा. "आलो बुवा सुरत लुटायला!" आणि स्वतःच हसायचा. पहिल्याच्या वेळी मीही हसले. दुसऱ्याच्या वेळी नुसते ओठ हलवले. पुढे पुढे तर पाहुणा चपला काढतोय तोवरच मी आत जाऊन कांदा चिरायला घ्यायचे. लुटायला आलेली ही मंडळी दोन बशा पोहे संपवून जी जायची, ती पुन्हा तोंड दाखवायची नाहीत.

ती यायची कशाला, ते सांगते. माझा नवरा मूळचा सांगलीचा, मेकॅनिकल इंजिनियर. बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलर सांभाळायला म्हणून सुरतेला आला आणि माझ्याशी लग्न करून इथेच राहिला. मी जन्मापासून सुरतेची, नवागामच्या मराठी शाळेत शिक्षिका. मिलच्या शेठना एकच मुलगा आणि त्याला मोटारींचं वेड. बापाने साड्या रंगवून मिळवलेला पैसा धुरात घालवायचा त्याने चंगच बांधला होता. त्याने इच्छापोरला एक शेड घेतली, दोन जुन्या गाड्या आणून त्यांच्या सीटा उपटल्या आणि शेडपेक्षा मोठा बोर्ड लावला. झाली रेसिंग टीम! टीमचे कपडे घरच्या मिलच्या कापडाचे. पहिल्याच धुण्यात त्यांचा रंग गेला. गाडी चालवणार अर्थातच छोटे शेठ. माझ्या नवऱ्याला त्यांनी बॉयलरवरून उचलून तिथे नेलं आणि टीमचा मुख्य इंजिनियर केलं. मुख्य म्हणायचं एवढ्यासाठी की दुसरा कोणी नव्हताच.

शर्यती व्हायच्या दूर दक्षिणेत, मद्रासला आणि कोइमतूरला. छोटे शेठ एकदा शेवटून दुसरे आले, तर शेडमध्ये पेढे वाटले गेले. पेढे खाऊन झाल्यावर मोठ्या शेठनी मुलाला बजावलं की दिवाळीपर्यंत मोटारींचा एक खराखुरा इंजिनियर आण, नाहीतर हा सगळा तमाशा उचलून कोइमतूरला ने, जिथे ही कामं करणारी माणसं राहतात. तमाशा गेला की त्यामागे नवरा जाणार आणि नवऱ्यामागे मी, असंच सगळ्यांनी गृहीत धरलं. मला कोणी विचारलं नाही. माझी नोकरी मराठी शाळेतली. ती ट्रंकेत घालून कुठेही नेता येत नाही. त्यामुळे इंजिनियर मिळावा म्हणून मालकापेक्षा मीच जास्त देव पाण्यात घालून बसले होते.

छोट्या शेठना मात्र काळजी नव्हती. "माणस तो पैसानी पाछळ आवे, भाभी. गामनी पाछळ कोण आवे?" गाव बघून कोण येतं, माणूस पैसा बघून येतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान. हिऱ्याचा दाखला ठरलेला. हिरा कुठे सुरतेत सापडतो? पण पैलू पाडायला इथेच येतो ना! मग इंजिनियर का नाही येणार? हिऱ्याला बायको नसते आणि त्याला संध्याकाळी बिअर लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. पहिले दोन उमेदवार शेड बघून परस्पर पळाले, तेव्हा त्यांनीच युक्ती काढली. मराठी माणूस आहे, मराठी घरात खाऊ घाला. "तमे एक वार जमाडी दो, पछी ए क्यांय नथी जवानो."

एकदा जेवू घातलं की माणूस कुठे जात नाही, म्हणून कांदेपोहे. मला त्याची गंमतच वाटली. लग्नाआधी मीही अशीच बशा घेऊन बाहेर आले होते आणि सांगलीच्या मंडळींनी खाली मान घालून पोहे संपवले होते. आता दाखवायची होती ती सुरत. वर्षानुवर्षं आम्ही इथे राहतो, आणि एका पोरसवदा मालकाच्या हौसेपायी मला माझं गाव मुलीसारखं नटवून पुण्याच्या लोकांपुढे उभं करावं लागत होतं. खाडीचा वास दुपारनंतर वाढतो, म्हणून पाहुण्यांना सकाळी बोलवायचं. समुद्राकडच्या डुमसच्या रस्त्याने फिरवायचं, धुराड्यांच्या पांडेसराच्या बाजूला न्यायचंच नाही.

आणि ही स्थळं तरी काय थाटाची! एकाने खुर्चीवर बसायच्या आधी रुमालाने खुर्ची पुसली. प्लेगला वर्ष झालं होतं, तरी याला उंदीर दिसत होते. एकजण माझं बोलणं ऐकून म्हणाला, "तुमचं मराठी छान आहे हं, इथे राहून!" मी मराठी शाळेत शिकवते म्हटल्यावर तो खाली बघून शेंगदाणे वेचायला लागला. बिअरचा प्रश्न सगळे आडून विचारायचे. "इथे संध्याकाळी लोक काय करतात?" मी सांगायचे, घरी जातात. इंजिन, टायर, पगार याविषयी शेडमध्ये काय बोलणं व्हायचं ते मला माहीत नाही. माझ्यापुढे मात्र एवढी शिकलेली माणसं सासरचं अंतर मोजायची. बायकोला इथे करमेल का, पुण्याची रात्रीची बस आहे का. आणि शेवटी ठरलेला प्रश्न: "इथे मराठी शाळा आहे का?" आहे, म्हणायचे मी. मीच आहे. त्यावर ते "अरे वा!" म्हणायचे, आपण दुसऱ्याच्या मुलाच्या चित्राला ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात.

नवरा या सगळ्यात गप्प असायचा. पोहे झाले की उठायचा, स्कूटर काढायचा आणि पाहुण्याला स्वतः स्टेशनवर सोडायला जायचा. एखादा म्हणायचा, राहू द्या, मी रिक्षाने जातो, तरी ऐकायचा नाही. मला त्याचं कौतुक वाटायचं. निदान आमच्या घराने तरी पाहुणचारात कसर ठेवली नाही असं वाटायचं. मग आठवड्याने नकार यायचा आणि मी पुण्याच्या सगळ्या पेठांचा मनातल्या मनात उद्धार करायचे.

दिवाळी तोंडावर आली असताना शेवटचा आला तो धुळ्याकडचा. नाशिकला मोटारींच्या कारखान्यात इंजिनच्या चाचण्या घ्यायचा. याने लुटायचा विनोद केला नाही. पोहे खाल्ले, "ताई, अजून थोडे?" म्हणून स्वतःच मागितले आणि बिअरचा विषय काढला नाही. त्याची मावशीच नवागामला राहत होती. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या बशीत वरून दोनदा खोबरं घातलं. नवरा नेहमीप्रमाणे त्याला स्टेशनवर सोडून आला. कसा वाटला, विचारलं तर म्हणाला, "बघू. आजकाल कोणाचं काही सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच दार वाजलं. दारात तो धुळ्याचा आणि त्याच्यापुढे त्याची मावशी. तिला मी लगेच ओळखलं. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. मावशी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची आणि शाळेत आली तरी तिच्या बोटांना डिंक असायचा. नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. मावशीने त्याच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, मना भाचानं काय चुकनं का? तुमना सायेबनी त्याले टेसनवर सांगं, आठे येऊ नको, आठे काही नही, गाडी धर नि जाय. का बरं? आठे काय वाघ शेतस का? आमनी तं सारी जिंदगी आठेच गयी."

भाचा ओशाळून म्हणाला, "मावशी, जाऊ दे ना." माझ्या नवऱ्याने इथे येऊ नको म्हणून सांगूनही तो गाडीत बसलाच नव्हता. स्टेशनवरून सरळ मावशीकडे गेला होता.

पेपर तसाच वर राहिला. मला त्या पेपरामागचा चेहरा बघायची गरजच नव्हती. मी मावशीला बसवलं, पुन्हा पोहे केले, आणि भाच्याला सांगितलं की उद्या तडक छोट्या शेठना भेट, मध्ये कोणालाही विचारू नकोस.

ते गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "सगळ्यांना हेच सांगत होतात?"

"हो."

"मी इथे कांदे चिरतेय आणि तुम्ही तिकडे..."

"दुसरा आला की टीम इथेच राहणार," तो म्हणाला. "तिकडे कोइमतूरला दर गल्लीत एक गॅरेज आहे. एक टीम बुडाली तर माणूस रस्ता ओलांडून दुसरीत जातो. इथे ही बुडाली की मी परत बॉयलरवर. मी काही खोटं सांगितलं नाही त्यांना."

"मग मलाही खरं सांगायचं होतं."

"तू ऐकलं असतंस? तुझ्यापुढे सुरतेला नाव ठेवायची कुणाची टाप आहे?"

इतका राग मला त्या खुर्ची पुसणाऱ्याचाही आला नव्हता. तो निदान तोंडावर पुसत होता. हा माणूस लग्नापासून माझ्या गावात, माझ्या हातचं जेवत राहिला आणि माझ्याच गावाची बदनामी करायला दर वेळी स्कूटरमध्ये माझ्या पगाराचं पेट्रोल घालत होता. मी त्याला म्हटलं, "तुम्हाला जायचंय ना? जा. त्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाला पळवून लावायचं कारण नाही."

धुळ्याचा रुजू झाला. छोटे शेठ मला म्हणाले, "जोयुं ने भाभी? आव्यो ने!" तो आला ही त्यांच्या मते त्यांच्या पैशाची जादू. नवागामच्या मावशीचा त्यांना पत्ताही नव्हता. दिवाळीनंतर माझा नवरा कोइमतूरच्या एका टीममध्ये गेला. एक आला, एक गेला. शेडमधली माणसं होती तेवढीच राहिली, हे शेठच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर नवऱ्याचा फोन यायचा. काम आवडतंय म्हणायचा. गल्लीभर ओळखी झाल्या म्हणायचा. घर रिकामं वाटायचं आणि मला त्याची आठवण यायची, पण हे सांगायला माझी जीभ वळायची नाही. एका रविवारी तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला आणि मग म्हणाला, "दोन खोल्या बघितल्यात. हवा चांगली आहे. माणसं चांगली आहेत. तू येतेस का?"

मी विचारलं, "तिथे मराठी शाळा आहे का?"

शेजारीण आतून बाहेर आली, माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "फोन कटला का?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला.