सुटी मिळायची ती जूनमध्ये

परदेशातल्या दिवाळीचे किस्से साठत जातात, कारण ते घरी सांगता येत नाहीत. घरी फक्त "मस्त झाली" म्हणायचं असतं. उरलेलं आपसात.

आम्ही जबलपूरचे तिघं मस्कतच्या एका हॉटेलात एसीच्या कामावर होतो आणि एकाच खोलीत राहायचो. मी, ओमतीचे दुबेजी आणि विजय नगरचा प्रकाश. दिवाळीत तिकडची हवा चांगली, म्हणजे पाहुण्यांचा सीझन. सुटी मिळायची ती जूनमध्ये, हॉटेल रिकामं असताना.

प्रकाशला एकच हवं होतं. एकदा तरी भाऊबीजेला घरी, नंदाताईसमोर पाटावर बसायचं. ताई त्याची मोठी बहीण. शाळेत शिकवायची, आईला सांभाळायची. भाऊ गावात नसला की बहिणी चंद्राला ओवाळतात, तशी तीही दर वर्षी गच्चीवर जाऊन चंद्रालाच ओवाळायची.

एका जूनमध्ये तो घरी गेला आणि म्हणाला, "ताई, आजच ओवाळून टाक ना. समोर तर बसून राहिलो मी."

ताई म्हणाली, "जेवून घे. सण तुझ्या मॅनेजरला विचारून नाही येत."

* * *

फराळ यायचा तो कुणाच्या तरी बॅगेतून, सगळ्या सामानाखाली दबून. एका वर्षी डबा उघडला तर आत नुसता भुगा. चकली कुठली, शेव कुठली, काही कळेना. दुबेजींनी तीन चमचे आणले.

"अरे भैया, दाँत बच गए," म्हणाले.

* * *

घरून फोन आला की खोली सुनी वाटू नये, म्हणून दुबेजींनी एक युक्ती काढली होती. एकजण बोलायचा, बाकीचे दोघं ताटं वाजवायचे, दार उघडबंद करायचे, मोठ्यानं हसायचे. लक्ष्मीपूजनाला प्रकाशच्या आईचा फोन आला. आम्ही दोघांनी दहा माणसांचा गलका केला.

आई म्हणाली, "बरीच मंडळी जमली दिसते. बरं आहे बाबा. आमच्याकडं तर कोणीच नाही आलं."

फोन ठेवल्यावरही दुबेजी थोडा वेळ ताट वाजवत राहिले.

* * *

मग व्हिडिओ कॉल आले. त्या भाऊबीजेला ताईनं मोबाईल पाटावर तांब्याला टेकवून उभा केला. इकडं प्रकाश अंघोळ करून, डोक्यावर रुमाल टाकून बसला. ताईनं स्क्रीनवर त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. ते जरा ओलं होतं, ओघळलं. पुसायला गेली तर कॉल कटला. पुन्हा लावला, तर आता तिला प्रकाश नुसता लाल दिसू लागला.

"काहून रे, तुझं तोंडच दिसून नाही राहिलं," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी पुन्हा चंद्र. प्रकाशनं विचारलं तर म्हणाली, "त्याला कितीही ओवाळा, तो कटत नाही."

* * *

तेव्हापासून प्रकाश भाऊबीजेला संध्याकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर जायचा. बीजेची कोर ती केवढी, त्यात तिकडं धूळ. एकदा वॉचमन मागोमाग वर आला. त्याला वाटलं, हा उडी मारतो की काय.

"क्या देख रहे हो?"

"बहन उधर मेरी आरती उतार रही है," प्रकाश म्हणाला. "देख रहा हूँ, मैं निकला कि नहीं."

वॉचमन त्याला हाताला धरून खाली घेऊन आला. नंतर बरेच दिवस तो मला हळूच विचारायचा, "वो ठीक है ना?"

* * *

एका डिसेंबरात प्रकाशची आई गेली. हॉटेल गच्च भरलेलं. तरी सुटी त्याच दुपारी मिळाली. तिकिटाचं मॅनेजरनं स्वतः पाहिलं, गाडी दिली, खांद्यावर हात ठेवला.

विमानतळावर प्रकाश माझ्याकडं वळून म्हणाला, "अरुणभाऊ, म्हणजे मिळत होती तर."

* * *

पुढं दुबेजी थकून गावी परतले, त्यांच्यामागं मी. प्रकाशचा करार मागच्या दिवाळीच्या तोंडावर संपला आणि त्यानं तो वाढवून घेतला नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी मी त्याला स्टेशनवर घ्यायला गेलो. ताईला कळवलं नव्हतं. रिक्षात तो सारखा बाहेर वाकून आभाळ बघत होता.

"मावळला तर नसेल ना, भाऊ?"

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला पाट उभा होता. प्रकाशनं तो उचलला आणि आम्ही जिना चढलो.

गच्चीवर ताई पाठमोरी उभी. केस पार पांढरे झालेले. हातात ताट, ताटात निरांजन, समोर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर जेमतेम दिसणारी कोर. पावलं वाजली तशी तिनं मान वळवली. प्रकाशकडं पाहिलं, त्याच्या हातातल्या पाटाकडं पाहिलं.

"आलास? चप्पल काढ."

त्यानं चप्पल काढली. पाट मांडला, खिशातला रुमाल डोक्यावर ठेवला आणि बसला. ताई पुन्हा टाकीकडं वळली.

"ताई," तो म्हणाला, "मी इकडं बसून राहिलो."

"थांब जरा," ताई म्हणाली. "आधी त्याचं होऊ दे. इतकी वर्षं तोच येऊन राहिला."