सुईला कुणी हात लावला?

आमच्याकडे हेलिकॉप्टर उडवण्याचे कमी आणि त्याचा कार्ब्युरेटर साफ करण्याचेच किस्से जास्त साठलेत. उडतं दहा मिनिटं, धाकधूक आठवडाभर!

आम्ही तिघं. जळकोटच्या शाळेत विज्ञान शिकवणारे कांबळे सर, नांदेडचे टू-व्हीलर मेकॅनिक शफीभाई आणि लातुरात चष्म्याचं दुकान चालवणारा मी. हेलिकॉप्टर मॉडेलचं असलं तरी इंजिन खरंखुरं, इंधनावर चालणारं. मागच्या हिवाळ्यात कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला, इंजिन हवेतच बंद पडलं आणि हेलिकॉप्टर तुरीत आदळलं. तिथं माणूस असता तर? तेव्हापासून मला धड झोप नाही.

*

एकदा शफीभाईंनी त्यांच्या गॅरेजात कार्ब्युरेटर खोलून कॉम्प्रेसरची हवा मारली. आतली इवलीशी रबरी रिंग उडाली ती उडालीच! एक गिऱ्हाईकसुद्धा आमच्याबरोबर गुडघ्यावर बसून शोधू लागलं. तासाभरानं रिंग सापडली. त्याच गिऱ्हाइकाच्या चपलेला चिकटलेली!

शफीभाई म्हणाले, "मियाँ, तुम्ही लई मनापासून शोधून राहिले होते!"

*

चिकट तेल सुटावं म्हणून सरांनी कार्ब्युरेटर साबणाच्या पाण्यात उकळला. चहाच्या पातेल्यात!

सरांच्या बायकोनं पातेल्यात डोकावून पाहिलं. "ऱ्हाऊ द्या हे आता त्यालाच. अन् चहा बी त्याच्याकडंच मागा!"

*

सेटिंग बरोबर आहे का ते बघायला इंधनाची नळी चिमटीत दाबायची आणि इंजिन किती सेकंदांत बंद पडतं ते मोजायचं. सर पंखा धरतात, नळी मी दाबतो. भीतीनं मी एका दमात "एकदोनतीनचारपाच" म्हणून टाकलं.

सर ओरडले, "आरं, मोजून राहिलास का पळून राहिलास?"

*

सर रिटायर झाले त्या दिवशी शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उडवायचं ठरलं. पोरं मांडी घालून रांगेत बसलेली. सकाळी सरांनी कार्ब्युरेटर धुऊन बसवला आणि ते सत्काराला गेले.

मी एकटाच इंजिनाजवळ. इंधन सोडणारी ती पितळी सुई जरा जास्तच मिटल्यासारखी वाटली. इंधन कमी पडलं आणि इंजिन पोरांच्या डोक्यावर बंद पडलं तर? राहवेना. खिशातला चष्म्याचा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि सुई पाव फेरा उघडली.

सरांनी उडवलं. मी वर बघितलंच नाही, पोरांकडे बघत राहिलो. आवाज कुठंही अडखळला नाही. उतरलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला आणि माझा शर्ट घामानं चिंब.

"सर, माफ करा," मी म्हणालो. "मी गुपचूप सुई पाव फेरा उघडली होती."

शफीभाई दचकले. "या अल्ला! मला ती लई उघडी दिसली. मी पाव फेरा बंद केलो!"

मी हसत सुटलो. "म्हणजे सरांचं सेटिंग जसंच्या तसं!"

सर गळ्यातल्या हारासकट मटकन खाली बसले.

"माझं कुठलं सेटिंग? मी नुसती अंदाजानं बसवली. म्हणलं, सेट तुम्ही करताल!"